बाळाची बुद्धी कुणी मोजायची?

मैत्रिणींनो, 'सायकॉलॉजीचे प्रोफेसर' म्हटले की आपल्याकडे दोनच कल्पना असतात. एक, हे गृहस्थ चेहरा बघून मनातले ओळखतात. दुसरी, हे वेड्यांचे डॉक्टर. हळदीकुंकवाला अशा प्रोफेसरबाई आल्या की बायका हळूच अंग चोरून बसतात, की आता आपले काय निघते बाहेर!

प्रत्यक्षात त्या काय शिकवतात? कॉलेज रोडचे एच. पी. टी. घ्या नाहीतर गंगापूर रोडचे के. टी. एच. एम., बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलींना आधी प्रयोग करावे लागतात. माझ्या भाचीने अख्ख्या घराला कामाला लावले होते. आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायची, अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, आणि ही स्टॉपवॉच घेऊन समोर. ही अर्थहीन अक्षरे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली जगापुढे आणली. आपल्या पुणे विद्यापीठातले प्रा. व्ही. के. कोठूरकर यांनीही असाच विषय धरला होता : शब्दाला अर्थ असला तर तो किती चटकन पाठ होतो आणि किती टिकतो. पाढे, कविता घोकून घेणाऱ्या आपल्यासारख्या आयांच्या कामाचाच की हा विषय!

म्हणजे प्रत्येकाचे शेत वेगळे. कुणी स्मरणशक्तीवाले, कुणी कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास करणारे, कुणी लहान मुलांचे. हे माहीत नसले की घोटाळा होतो, आणि तो मुलाच्या अंगावर येतो.

आमच्या ओळखीतल्या एका आईच्या हातात शाळेतून चिठ्ठी आली. मुलगा तिसरीत, घरात मराठी, शाळा इंग्रजी. चिठ्ठीवर आकडा : 82. सोबत सल्ला, की दुसरी शाळा बघावी. बाई दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याने "तुझ्या लाडानं झालं" असे ऐकवले ते वेगळेच. शेवटी ती पोराला घेऊन ओळखीच्या प्रोफेसरबाईंकडे गेली. त्या फार सरळ बाई. म्हणाल्या, "ताई, मी समाजातल्या गटांचा अभ्यास करते. मुलांच्या चाचण्या हा माझा विषय नाही. पण एक सांगा, चाचणी कोणती होती आणि कोणत्या भाषेत घेतली?" चिठ्ठीवर दोन्ही नव्हते.

हा प्रश्न प्रत्येक आईने पाठ करावा. बुद्धी मोजण्याची पहिली चाचणी 1905 साली पॅरिसला बिने आणि सिमाँ या दोघांनी केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे कळावे म्हणून. मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी नव्हे! पण फ्रेंच मुलांचे प्रश्न आपल्या पोरांना कसे चालणार? म्हणून धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचे पुस्तक 1940 साली निघाले. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी 1969 मध्ये वेश्लरच्या अमेरिकन चाचणीवरून भारतीय मुलांची चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने, जी 1962 साली सुरू झाली, स्वतःच्या चाचण्या रचल्या. कुणा अभ्यासकाची आवड म्हणून सुरू झालेले हे काम आज आपल्या मुलांच्या उपयोगी पडते.

मालिनच्या चाचणीत दोन भाग असतात. एक बोलण्याचा : शब्दांचे अर्थ, सामान्य माहिती, तोंडी गणिते. दुसरा हातांचा : ठोकळे जुळवणे, चित्रात काय राहिले ते सांगणे. दोन्हींचे गुण वेगळे मिळतात, ते वेगळेच मागून घ्या. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला इंग्रजीत शब्दार्थ विचारले तर बोलण्याचा भाग खाली येणारच, त्यात त्याच्या डोक्याचा काय दोष? आणखी एक गंमत. चाचणी फार जुनी असेल तर आकडा उगीच चढतो, कारण पिढ्यापिढ्यांनी मुलांचे गुण वाढत गेले आहेत, आणि जुने माप जुन्या मुलांचे. तेव्हा 120 आले म्हणून पेढे वाटायलाही जाऊ नका.

त्या मुलाची चाचणी नंतर मराठीतून घेतली. आकडा बराच वर आला. पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात ही अडचण खरीच निघाली, आणि तिच्यासाठी आता आठवड्यातून दोनदा वेगळ्या बाईंकडे जावे लागते. शाळा मात्र तीच आहे. आई चिठ्ठी घेऊन बसून राहिली असती तर ही अडचण कुणाला कळलीच नसती.

चाचणी घ्यायचीच असेल तर मुलांच्या चाचण्यांचे शिक्षण घेतलेली व्यक्ती शोधा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते खुशाल विचारा, त्यात अपमान कसला? त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारे मूल मंद वाटते, हे मी वर्गात पाहिले आहे. चाचणी सकाळच्या वेळेला ठेवा, पोटात काही घालून न्या, ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. "परीक्षा आहे" असे सांगू नका, "थोडे खेळ आणि कोडी आहेत" म्हणा, आणि ते खरेही आहे. आकडा मुलाला सांगायचा नाही, आणि जावेला तर मुळीच नाही!