मालक सापडेना, पुस्तक मिळेना

1965 च्या आसपासचा एखादा मराठी दिवाळी अंक हातात घेऊन पाहा. कागद पिवळा पडलेला असतो, कडांना बोट लागले की तुकडे गळतात, पिनांचा गंज दोन-चार पानांत उतरलेला असतो. अनुक्रमणिकेत दहा-पंधरा कथा, तेवढेच लेख, वीसेक कविता. मुखपृष्ठाचा चित्रकार वेगळा, आतल्या रेखाटनांचा वेगळा, व्यंगचित्रकार आणखी दोघे-तिघे. हा अंक स्कॅन करून आजच्या वाचकांपुढे ठेवायचा झाला, तर कायद्याने किती जणांना विचारावे लागेल? बाहेरून लिहिणाऱ्याने हक्क लिहून दिला नसेल, तर तो त्याच्याकडेच राहतो. मासिकाला मिळालेली असते ती बहुधा एकदा छापण्याची मुभा. म्हणजे चाळीस-पन्नास माणसे. त्यांतली बरीचशी आता हयात नाहीत, म्हणून त्यांची मुले, नातवंडे, पुतणे. कोणी डोंबिवलीला, कोणी न्यू जर्सीत. मासिक बंद पडले, संपादक गेले, पत्त्यांची आणि मानधनाची वही घर बदलताना रद्दीत गेली. कागदाला हे काही कळत नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आपल्यातल्याच आम्लाने कुजत जातो, आणि परवानगी देणारा सापडण्याआधी पान संपते.

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक प्रथा रुजली. मित्र 1920 साली गेले. त्यांचे स्वतःचे लेखन आज कोणीही छापावे, कोणाची हरकत नाही. अडचण आहे ती त्यांच्यानंतरच्या मधल्या काळाची. फार जुने मोकळे आहे, अगदी नवे बाजारात आहे, आणि मधल्या पन्नास-साठ वर्षांचे बहुतेक मराठी लेखन दुकानातही नाही आणि मोकळेही नाही. म्हणून यंदाच्या संपादकीयाचा विषय कॉपीराइट. आमचे म्हणणे असे की हा कायदा जिवंत लेखकाला जेवढे देतो म्हणतो तेवढे त्याच्या हातात पडत नाही, आणि गेलेल्या लेखकाच्या पुस्तकावर मात्र तो कोणाचाही फायदा नसताना बसून राहतो. पहिली बाजू घट्ट करायला हवी, दुसरी सैल.

नवनिर्मिती कशातून होते याचा पुरावा आपल्याच रंगभूमीत आहे. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले ते कालिदासावरून. आगरकरांचे ‘विकारविलसित’ ‘हॅम्लेट’वरून, देवलांचे ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून, त्यांच्याच ‘संशयकल्लोळ’चे मूळ मोलिएरमध्ये. पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, ठुमरीतून आल्या. आणि गिरणगावाने तर दुसऱ्याची चाल उचलून तिच्यात आपले शब्द भरणे हीच कला मानली. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या चाळींत भजनी मंडळे होती, कलापथके होती, कोकणातून आलेले नमन आणि दशावतार होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी 1944 मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले, तेव्हा पोवाड्याचा आणि लावणीचा जुनाच साचा त्यांनी कामगारांच्या लढ्याला लावला. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची छक्कड अण्णा भाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत नेली. या चालींचा कोणी मालक असता आणि प्रत्येक प्रयोगाआधी त्याच्या सहीचा कागद लागता, तर ही गाणी मैदानापर्यंत पोहोचलीच नसती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही: हक्क नसेल तर लेखक खाईल काय? उत्तरासाठी पुन्हा अण्णा भाऊंकडेच जावे लागते. देशाचा कॉपीराइट कायदा 1957 चा, अमलात आला 21 जानेवारी 1958 ला. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली 1959 साली. म्हणजे ती कादंबरी पहिल्या दिवसापासून या कायद्याच्या छत्राखाली होती. तिला शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, अनेक भाषांत अनुवाद झाले. आणि हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि 18 जुलै 1969 ला हलाखीतच गेला. हक्क कायद्यात होता; पैसा करारात असतो, आणि करार करताना गरजू माणूस एकरकमी रकमेवर सही करून मोकळा होतो. गीतकार-संगीतकारांचेही तेच झाले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचे हक्क सर्वसाधारणपणे निर्मात्याचे, असा निकाल दिला. चित्रपटाबाहेर गाणे वाजले तर त्याच्या मानधनातला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला सोडताच येणार नाही, ही तरतूद यायला 2012 ची दुरुस्ती यावी लागली. मधली पस्तीस वर्षे गाणी घरोघर वाजली आणि ती लिहिणारे रिकाम्या हाताने बसले. या दुरुस्तीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. कायदा लेखकाच्या उपयोगी पडतो तो असा, त्याच्या हयातीत, त्याच्या करारात शिरून. लेखक गेल्यानंतर मुदत वाढवत नेल्याने त्याच्या ताटात एक घासही वाढत नाही.

आणि मुदत वाढतच गेली आहे. कंपनी सरकारच्या 1847 च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांची तरतूद होती. 1914 च्या कायद्याने ती पन्नासवर नेली, 1957 नेही तीच ठेवली. पुढे रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क 1991 च्या अखेरीस संपणार होता, तो लांबावा म्हणून घाईने पन्नासची साठ झाली. एका थोर कवीच्या संस्थेसाठी केलेली ही सोय देशातल्या प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखकाला लागू झाली. मराठीला तिची काय किंमत पडली ते पाहू. साने गुरुजी 1950 साली गेले; ‘श्यामची आई’ 2001 ला मोकळी व्हायची ती 2011 ला झाली. झाल्याबरोबर अनेक प्रकाशकांनी ती काढली, स्वस्तात काढली. त्यांतल्या काही आवृत्त्यांत मुद्रणदोष आहेत, हे कबूल. पण चांगली आवृत्तीही शेजारी मिळते आणि वाचकाला निवड करता येते. पुस्तक मोकळे झाल्याने ते मेले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

त्याहून मोठे उदाहरण आमच्या पंचक्रोशीतलेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले, मग दादरच्या राजगृहात. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केल्यामुळे न झालेले आपले भाषण त्यांनी 1936 मध्ये स्वतःच्या खर्चाने छापले. वर्षभरात त्याचे गुजराती आणि तमिळ अनुवाद झाल्याची आणि मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम अनुवाद चालू असल्याची नोंद दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनीच केली आहे. विचार असा पसरतो. 1956 मध्ये बाबासाहेब गेले. पन्नास वर्षांचा नियम राहिला असता तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2007 ला सर्वांचे झाले असते. प्रत्यक्षात ते 2017 ला झाले. शासनाने 1979 पासून काढलेले समग्र लेखनाचे खंड हे मोठे काम आहे, वसंत मून यांचे ऋण त्यासाठी मानावेच लागेल. पण छपाई एकाच दाराने होत असली की ते दार बंद झाल्यावर रस्ताच उरत नाही. खंडांची छपाई रखडल्याची बातमी ‘लोकसत्ता’त आली आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. येथे कोणी म्हणेल की 2017 नंतर मूळ लेखन मोकळे होते, मग कॉपीराइटचा दोष कसा? मूळ इंग्रजी मोकळे होते, हे खरे. पण मराठी वाचकाला हवा असतो अनुवाद, आणि अनुवादाचा हक्क वेगळा, त्याची मुदत वेगळी, शासकीय प्रकाशनाची आणखी वेगळी. एका पुस्तकावर अशी तीन कुलपे असतात. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दर 6 डिसेंबरला, शिवाजी पार्कवर जी पुस्तकांची दुकाने लागतात तिथे हे समजते. पातळ कागदाची, दोन पिनांची पुस्तिका हातात घेऊन आधी किंमत बघणारा माणूस लातूरहून, यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आलेला असतो. त्याला तीन कुलपांचा हिशेब सांगून काय उपयोग?

दुसरा आक्षेप वारसांचा. लेखकाच्या पश्चात त्याच्या पत्नीला, मुलांना काही मिळू नये काय? जरूर मिळावे. जे पुस्तक छापले जाते, विकले जाते, त्याचे मानधन वारसांना मिळण्याला आमची मुळीच हरकत नाही. पण जे तीस वर्षे छापलेच गेले नाही त्यातून वारसाला मिळते शून्य. बहुतेकदा आपण वारस आहोत हेही त्याला माहीत नसते. कायद्यात यावर उपाय नाहीत असे नाही. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर काहीच करत नसेल आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. मालक सापडत नसलेल्या पुस्तकासाठी परवाना मागण्याची सोयही आहे. मात्र त्यासाठी आधी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग अर्ज. पूर्वी हा अर्ज मंडळापुढे होई. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळच बरखास्त झाले आणि काम न्यायालयांकडे गेले. दीडशे पानांच्या मराठी कथासंग्रहासाठी कोणते ग्रंथसंग्रहालय वकील लावून तिथे जाणार? पन्नास वर्षांच्या खाली जाता येऊ नये असे बर्न कराराने आपले हात बांधलेले आहेत, हे आम्ही जाणतो. पण साठ हा आकडा कोणी लादलेला नाही, तो आपलाच आहे. तो मागे घेता येईल. बाजारात नसलेल्या पुस्तकांसाठी साधी, मराठीतली, जिल्हा पातळीवर निकाली निघणारी प्रक्रिया आखता येईल. मानधन ठेव म्हणून जमा ठेवावे, वारस आला की द्यावे. दृष्टिहीनांसाठी असेच दार 2012 मध्ये उघडले गेले: ब्रेल किंवा ध्वनिरूपात पुस्तक करायला आता परवानगी लागत नाही. त्याने कोणताही प्रकाशक बुडाला नाही.

तिसरा आक्षेप सध्याचा, आणि त्याने अनेक लेखक धास्तावले आहेत. दारे उघडली तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या सगळे गिळून टाकतील. 2024 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो याच प्रश्नावर. आमचे मत स्पष्ट आहे. जो लेखक आज लिहितो आहे, त्याचे पुस्तक त्याला न विचारता, पैसे न देता यंत्राला घालणे अन्यायाचे आहे. नफा कमावणाऱ्या कंपनीने शिकण्याचे निमित्त सांगू नये. पण या भीतीपोटी गेलेल्यांची पुस्तकेही कपाटात ठेवली तर दंड कोणाला? यंत्र मराठी शिकणारच आहे. आपल्या कथाकारांची, शाहिरांची, ग्रामीण बोलीची मराठी त्याला मिळाली नाही तर ते जाहिरातींच्या आणि शब्दशः भाषांतरांच्या मराठीवर शिकेल, आणि तीच मराठी आपल्या मुलांना परत देईल. अक्षर ओळखणारे, वाचून दाखवणारे, शोधून देणारे तंत्र आज मराठीला कधी नव्हे इतके उपयोगी आहे. त्याला कुजणाऱ्या पानांपर्यंत पोहोचू न देणे हे लेखकाचे संरक्षण नव्हे.

अण्णा भाऊंनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन 1 जानेवारी 2030 ला सर्वांचे होईल. 1969 मध्येच गेलेल्या अमर शेखांचेही. गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे 2010 साली गेले, त्यांच्या कवितेला 2071 उजाडावे लागेल; आज पहिलीत असलेले मूल तोवर पन्नाशी ओलांडेल. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण लेखकाला स्वतःला काही गोष्टी आजच करता येतात. प्रकाशकाच्या करारात मुदत लिहून घ्या. ती लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो. पुस्तक बाजारातून गेले तर हक्क परत मिळावा, हे वाक्य घाला. आणि मृत्युपत्रात घर-दागिन्यांबरोबर दोन ओळी लेखनासाठीही ठेवा: हक्क कोणाचा, आणि बाजारात नसलेले लेखन वाचनालयाने स्कॅन करावे की नाही. वाचकांनाही एक विनंती. लालबाग-परळच्या जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. सामान हलवताना कलापथकाची वही, कामगार रंगभूमीवरच्या नाटकाची हाताने लिहिलेली संहिता किंवा बंद पडलेल्या मासिकाचा अंक सापडला, तर तो रद्दीत घालू नका. वहीच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव आणि त्याच्या घरच्यांचा पत्ता लिहा, आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.