शेवटची गाडी कुठाय?

पावसानं जोर धरला की एखाद्या रविवारी सकाळी कापूरहोळला नाहीतर चेलाडी फाट्यावर उभं राहून बघा. पुण्याकडून दुचाक्यांची रांगच लागलेली असते. एकेका ग्रुपमध्ये दहा-पंधरा गाड्या. आता यात नुसती कॉलेजची पोरं नसतात. नवरा-बायको, मेव्हणा, आतेभाऊ, ऑफिसातले मित्र आणि कुणाच्या तरी टाकीवर बसवलेलं लहान पोर. कापूरहोळहून वळले ते भोर, नीरा-देवघरचं पाणी आणि वरंधा घाट करणार. चेलाडीवरून वळले ते राजगड, तोरणा नाहीतर केळदचा मढे घाट.

यावर आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक, 'या पुणेकरांना पावसाळ्यात बंदीच घाला.' दुसरं, 'येऊ द्या हो, चार पैसे मिळतात.' मला विचाराल तर दोन्हीत मूळ प्रश्न सुटून जातो.

आधी बंदीचं बघू. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले, त्यात आपल्या तालुक्यांतल्या जागाही आल्या. तेव्हा ते गरजेचं होतं. दरड कोसळायचा धोका असेल तर वरंधा बंद ठेवायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण सगळा पावसाळा सगळ्यांना बंदी, हे उत्तर नाही. वाघजाईपाशी भजी तळणाऱ्याचा, गुंजवण्यात पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या ताईंचा निम्मा धंदा याच तीन महिन्यांत होतो. आणि जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेलाय. म्हणजे लोक वाढणार, कमी होणार नाहीत.

शिवाय खरं सांगायचं तर दुचाकीवाले चारचाकीवाल्यांपेक्षा परवडले. अरुंद रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एसटी अडकते, आजारी माणूस अडकतो. दुचाकी कडेनं निघून जाते.

मग बिघडतं कुठं? वीस वर्षं इथल्या बातम्या लिहितोय. माझ्या पाहण्यात बिघडतं ते ग्रुपच्या चालीत. पुढं असतो तो सराईत असतो. मोठी गाडी, चांगलं हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याला पॅड, घाटाची सवय. सगळ्यात मागं असतो त्याचा मेव्हणा. साधी स्कूटर, मागं बायको, मध्ये पोरगं आणि घाट आयुष्यात पहिल्यांदा. पुढचे दिसेनासे झाले की हा घाबरतो आणि गाठायला म्हणून गाडी पळवतो. त्याला कुणी 'पळव' म्हटलेलं नसतं, पण 'थांब, आम्ही आहोत' असंही म्हटलेलं नसतं.

आणि आपला रस्ता कसा असतो ते आपल्याला माहितीय. भात लावणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर खाचरातून थेट डांबरीवर येतात, चाकांचा चिखल रस्त्यावर पसरतो. झाडीखालच्या वळणावर शेवाळ धरतं. धुक्यात म्हैस आडवी आली तर दहा फुटांवर आल्यावर कळतं. कात्रजच्या चौकात गाडी चालवता येते म्हणून इथं चालवता येईलच असं नाही.

थोडे आकडे सांगतो, सरकारचेच आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांमध्ये १४,३३७ जण मागं बसलेले होते. म्हणजे ज्यांच्या हातात ना ब्रेक होता ना हँडल. कौटुंबिक सहलीत मागं कोण बसतं, हे वेगळं सांगायला नको.

अपघात झालाच तर पुढं काय होतं तेही ऐका. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. १०८ ला फोन लावायला कुणाला तरी गाडी घेऊन रेंजपर्यंत यावं लागतं. उचलायला पहिली पोचतात ती आपल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं, हातातली लावणी टाकून. जखम मोठी असेल तर पुणं गाठावं लागतं आणि रविवारी संध्याकाळी पुण्याच्या वाटेवर काय गर्दी असते ते वेगळं सांगत नाही. मदत करणाऱ्या पोरांना अजूनही पोलिसांच्या चौकशीची धास्ती वाटते. ती नसावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलंय. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे गावागावांत सांगितलं पाहिजे.

आता मागण्या.

प्रशासनाला: बंदीचा फलक घाटाच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस तिथून परत फिरत नाही, फट शोधतो. फलक कापूरहोळला आणि चेलाडीला लावा, रोज सकाळी ताजा करा. वरंध्याचा अलीकडचा भाग पुणे जिल्ह्यात, पलीकडचा रायगडात. दोन्ही कार्यालयांचे आदेश एकाच दिवशी, एकाच शब्दांत निघू द्या.

ग्रामपंचायतींना: पार्किंगचे पैसे घेता तर पावती द्या आणि त्या पैशातून आधी बायकांसाठी स्वच्छ, दार लागणारं स्वच्छतागृह बांधा. कुटुंबं यायला लागलीत आणि आडोसा शोधावा लागतो, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही.

आणि दुचाकीवाल्यांना: सगळ्यात पुढं एक जाणता ठेवा आणि सगळ्यात मागंही एक जाणता ठेवा. नवख्याला पुढच्या जाणत्याच्या लगेच मागं घ्या, ग्रुपची चाल त्याच्या बेतानं ठरू द्या. प्रत्येक फाट्यावर थांबा, शेवटची गाडी दिसल्याशिवाय हलू नका. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, मागं बसलेल्यालाही. चार वर्षांखालचं मूल असेल तर त्यालाही हेल्मेट, शिवाय त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. सायलेन्सर काढून भोरच्या बाजारपेठेतून फिरणाऱ्यांना मात्र सांगणं नाही, त्यांना पोलिसांनी दंडाची पावतीच फाडावी.

शेवटी एक. 'पुणेकर, पुणेकर' म्हणून आपण ज्यांना शिव्या घालतो, त्यातले कितीतरी आपलेच आहेत. भोर-वेल्ह्यातलं असं घर दाखवा ज्याचं कुणी धनकवडीत, वारज्यात, हडपसरला नाही. तो मागचा मेव्हणा कुणाचा तरी जावई आहे, टाकीवरचं पोर कुणाचं तरी नातवंड आहे आणि ते मामाच्या गावालाच निघालंय. म्हणून ही पोस्ट इथल्या ग्रुपवर फिरवण्यापेक्षा पुण्यातल्या तुमच्या माणसांना पाठवा. पुढच्या रविवारी ते निघाले की फोन करून एवढंच विचारा, 'शेवटच्या गाडीवर कोण आहे रे? आणि त्याच्यासाठी कोण थांबणार आहे?'