मंत्रचळाला धीर देऊ नका

मंत्रचळाच्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांसमोर एक वाक्य हमखास बोलतात : ‘सगळे उपचार करून झाले, कशाचाही उपयोग नाही.’ हा आजार आणि त्याच्याबरोबर येणारी चिंता यांच्यासह मी अनेक वर्षं जगते आहे. माझ्यासारख्या बऱ्याच जणांशी बोलल्यावर या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. ‘सगळे’ म्हणजे कोणते, असं खोदून विचारलं की यादी निघते : दोन-तीन आठवडे घेऊन सोडलेल्या गोळ्या, प्राणायाम, अंगारा, अनुष्ठान, हवापालट, लग्न. हो, लग्नसुद्धा, ‘जबाबदारी पडली की सुधारेल’ म्हणून. यादी लांबलचक असते, पण या आजारावरचा खरा उपचार त्यात बहुधा नसतोच.

मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, ही टापटिपीची हौस आहे, हा समज आधी बाजूला सारू. हात धुणारे, कुलपं तपासणारे लोकांना दिसतात. ज्यांचा सगळा झगडा मनातल्या मनात चालतो ते दिसत नाहीत. आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल हा विचार मनात घुसलेली आई स्वतःला राक्षसीण समजते आणि बाळाला जवळ घेणंच सोडते. देवासमोर हात जोडताच ज्याच्या मनात घाणेरडे शब्द उमटतात तो माणूस देवळाची वाट टाळतो. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांकडे चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी असले नकोसे विचार आपल्यालाही येतात असं सांगितलं. ते विचार आले तसे जातात. मंत्रचळात माणूस त्या विचाराला पुरावा मानतो आणि तो पुसायला धडपडतो. आजार त्या धडपडीवर पोसला जातो.

आता मुख्य मुद्दा. ‘रुग्णाला धीर द्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो प्रेमापोटीच दिलेला असतो. मंत्रचळात मात्र तो घातक आहे. घराबाहेर पडताना मी शेगडीची बटणं पाहते, रेग्युलेटर बंद करते. हात अजून रेग्युलेटरवर असतानाच शंका येते : बंद आहे ना? डोळ्यांना दिसतं, बोटांना कळतं, मन मानत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘अगं, बंद आहे, मी बघितलं.’ जिना उतरेपर्यंत बरं वाटतं. मग नवी शंका : त्यांनी नीट बघितलं असेल का? पुढची पायरी मोबाइलमधला फोटो. आणि बसमध्ये बसल्यावर : हा फोटो आजचा की कालचा?

खात्री मिळाली की भीती उतरते, आणि भीती उतरली म्हणून मेंदू शिकतो की खात्री करून घेतल्यामुळेच आपण वाचलो. पुढच्या वेळी तो अधिक खात्री मागतो. नायटा खाजवला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तो पसरतो, तसंच हे. अशा वेळी ‘बंद आहे गं’ म्हणणारा नवरा, मुलीसाठी भांडी पुन्हा विसळणारी आई, हे सगळे नकळत आजाराच्या कामाला जुंपले जातात.

‘मन शांत करा’ या सल्ल्याचंही तसंच. एरवीच्या चिंतेत दीर्घ श्वास आणि ध्यान यांचा उपयोग होतो, ते मला मान्य आहे. पण ओसीडीच्या उपचारांवरच्या काही प्रयोगांत अंग सैल सोडण्याचा व्यायाम फक्त तुलनेपुरता वापरला गेला, इतका त्याचा या आजारावर परिणाम कमी. भक्तीने केलेल्या जपाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वाईट विचार रद्द व्हावा म्हणून केलेला, मोजणी चुकली की पहिल्यापासून करावा लागणारा जप मात्र आजाराचंच लक्षण आहे.

मग उपाय काय? १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्हिक्टर मेयर यांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या दोन रुग्णांना ज्याची भीती वाटे त्यालाच सामोरं नेलं आणि नंतरची विधीसारखी कृती करू दिली नाही. दोघांनाही फरक पडला. त्यातूनच आजची ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) ही उपचारपद्धती घडली. माझ्या बाबतीत तिचा अर्थ असा : रेग्युलेटर एकदा बंद करायचा, कुलूप लावायचं, फोटो काढायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि छातीत धडधडत असताना निघून जायचं. शंका सोबत येते. तिला येऊ द्यायचं.

हा क्रूरपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण इथे पायऱ्या रुग्णाच्या संमतीने ठरतात आणि सोप्यापासून चढत जातात. कुणाला अचानक खोल पाण्यात ढकललं जात नाही. तासन् तास हात धुऊन सोललेली त्वचा कुणाला दयाळू वाटते का?

औषधांबद्दलही अपप्रचार आहे. ‘सवय लागते’ ही भीती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे, आणि त्या ओसीडीचा मूळ उपचार नव्हेतच. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्झामीन या औषधांची तशी तलफ लागत नाही. मात्र ओसीडीत त्यांचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात सोडलेलं औषध ‘करून पाहिलं’ असं म्हणता येत नाही. मळमळ होऊ शकते, लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पहिल्या औषधाने साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फरक पडतो. उरलेल्यांसाठी दुसरं औषध आहे, जुनं क्लोमिप्रामीन आहे, औषधाला ईआरपीची जोड आहे. आणि ‘गोळी की थेरपी’ हा वाद व्यर्थ आहे : १९९२ साली लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा फ्लुओक्सेटीनने आणि वर्तनोपचाराने बरं वाटू लागलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या एकाच भागात सारखा बदल दिसला होता.

व्यवस्थेबद्दलची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. ईआरपी शिकलेले थेरपिस्ट मोठ्या शहरांतही मोजकेच, तालुक्याच्या गावी तर जवळजवळ नाहीतच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आणि मानसिक आजारांत भेद करायला मनाई केली. तरी थेरपीच्या सत्रांचे पैसे बहुतेकदा रुग्णाच्याच खिशातून जातात. हे बदलायलाच हवं.

तोवर दोन गोष्टी करा. घरच्यांनी, मन शांत असतानाच, रुग्णाशी ठरवून घ्यावं : ‘तू विचारशील, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसेन.’ आणि नव्या थेरपिस्टकडे जाताना पहिलाच प्रश्न विचारा : ‘तुम्ही ईआरपी करता का?’ कुठे जायचं हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.