माझं मत कूटनीला

लेह-लडाख करून आलेल्या दुचाकीस्वाराला कॅनडाच्या घाटांचे आकडे सांगून पाहा. तो हसतो. कॅनडातला सर्वांत उंच डांबरी घाट म्हणजे अल्बर्टा प्रांतातला हायवुड पास. त्याची उंची २,२०६ मीटर, म्हणजे साधारण आपलं शिमला. ट्रान्स-कॅनडा महामार्गावरचा नावाजलेला रॉजर्स पास तर १,३३० मीटरवरच आहे. ‘अरे, हे तर महाबळेश्वर!’ असं आमच्या गटातला एकजण म्हणाला आणि पुढचा चहा येईपर्यंत कॅनडाची यथेच्छ टिंगल झाली. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिम कॅनडात बाइकवरून फिरायचं, असं आमचं बऱ्याच दिवसांपासून घाटत आहे, त्या बैठकीतली ही गोष्ट.

पण त्याच हायवुड पासचा रस्ता दरवर्षी १ डिसेंबर ते १४ जून सरकारी आदेशाने बंद असतो. रॉजर्स पासमध्ये तर हिवाळ्यात सैन्य १०५ मिलिमीटरच्या तोफा लावतं आणि डोंगरउतारावर गोळे टाकून हिमकडे आधीच पाडून घेतं, म्हणजे ते अवेळी वाहतुकीवर कोसळत नाहीत. १९१० सालच्या ४ मार्चला इथेच रेल्वेमार्गावर आधी कोसळलेल्या हिमकड्याचा बर्फ उपसणारे ५८ कामगार दुसऱ्या हिमकड्याखाली गाडले गेले. महाबळेश्वरच्या उंचीवर हे सगळं घडतं, कारण जागा ५१ अक्षांशावर आहे. लडाखमध्ये श्वास लागतो, तसा इथे लागत नाही. इथे वेळापत्रक लागतं.

म्हणून आमच्या वहीत पहिली नोंद ठिकाणांची नसून तारखेची आहे : १५ जून. त्याआधी गेलात तर काही रस्ते मिळणारच नाहीत.

दुसरी अडचण अंतरांची. ब्रिटिश कोलंबिया हा एकटा प्रांत महाराष्ट्राच्या तिप्पट आहे आणि त्याची सगळी लोकसंख्या पुणे जिल्ह्यात मावून वर जागा उरेल. नकाशावर हे रम्य वाटतं. पेट्रोलचा काटा खाली आला की त्याचा अर्थ कळतो. लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवे २३० किलोमीटरच्या आसपास आहे. जगातल्या सुंदर रस्त्यांच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव असतं आणि ते योग्यच आहे. पण या सबंध रस्त्यावर पेट्रोल एकाच जागी मिळतं, सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंगला. बहुतेक रस्त्याला मोबाइलची रेंज नाही. आपल्याकडे वरंधा घाटात बाइक बंद पडली तर चहाच्या टपरीवरचा पोरगा कुणाला तरी फोन लावतो. इथे टपरीही नाही आणि फोनही नाही. पंक्चरचं सामान, छोटा पंप आणि ते वापरता येणारा एक माणूस गटात हवाच.

आमच्यात सध्या दोन तट आहेत. एका तटाला व्हँकूव्हर, बॅन्फ, जॅस्पर आणि परत व्हँकूव्हर असा फोटोंचा रस्ता हवा आहे. त्यांचंही चूक नाही. एवढा पैसा घालून जायचं आणि मोरेन लेक न बघता यायचं? हे ते निळंशार तळं, एके काळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेमागे छापलेलं. पण २०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी वाहनांना बंदी आहे, आणि त्यात बाइकही आली. म्हणजे हेल्मेट काखेत मारून शटल बसमध्ये बसायचं, त्या बसचंही आधी बुकिंग. शिवाय व्हँकूव्हर ते कॅलगरी हे ट्रान्स-कॅनडा महामार्गाने हजाराला थोडंच कमी भरतं, आणि उन्हाळ्यात त्यावर ट्रक आणि घराएवढ्या मोटरहोमची रांग असते. असा रस्ता गाठण्यासाठी ठीक आहे. फिरण्यासाठी मला तो नको.

दुसऱ्या तटात मी आणि कॅलगरीला राहणारा माझा भाचा. त्याने फोनवर सांगितलं, ‘‘मामा, बॅन्फ कुठे पळून जात नाही, शेवटी येता येता बघू. आधी कूटनीला चला.’’

कूटनी म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचा आग्नेय कोपरा. लांबट, अरुंद सरोवरं आणि त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डोंगररांगा. आमचा कच्चा बेत असा : कॅलगरीत बाइक भाड्याने घ्यायच्या, हायवुड पासवरून दक्षिणेला उतरायचं आणि क्रोजनेस्ट पासने पश्चिमेला वळायचं. तिथे फ्रँक नावाच्या खाणगावाजवळ महामार्ग मैलभर दगडांच्या राशीतून जातो. २९ एप्रिल १९०३ च्या पहाटे टर्टल माउंटनचा कडा तुटून दीड-दोन मिनिटांत खाली आला आणि गावाचा एक भाग त्याखाली गेला. ते दगड तसेच आहेत, घराघराएवढे. माळीण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना तिथे थांबावंसं वाटेल.

पुढे फर्नी, क्रॅनब्रूक, क्रेस्टन. क्रॅनब्रूकहून क्रेस्टनला आलं की उन्हाळ्यात घड्याळ तासभर मागे जातं. हे लक्षात ठेवायचं ते फेरीसाठी. क्रेस्टनपासून कूटनी सरोवराच्या पूर्वेच्या काठाने ३ए नावाचा रस्ता सुरू होतो. साधारण ऐंशी किलोमीटर, जवळपास सगळी वळणंच, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला डोंगर. वाटेत बॉझवेल इथे एक काचेचं घर आहे. अंत्यविधीचा व्यवसाय करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी १९५२ पासून ते बांधलं. विटांच्या जागी त्यांनी प्रेतं टिकवण्याच्या रसायनाच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या, पाच लाखांच्या आसपास. बाटल्या त्यांच्या व्यवसायबंधूंकडून आल्या. आमच्या घरी हे सांगितल्यावर ‘तिथे काही खाऊ नका’ एवढीच प्रतिक्रिया आली.

रस्ता जिथे संपतो तिथे कूटनी बेची फेरी. पलीकडे बॅलफोरला जायला पस्तीस मिनिटं लागतात आणि तिकीट नाही. प्रांतातल्या आतल्या सरोवरांवरच्या फेऱ्या हा सरकारच्या लेखी रस्त्याचाच तुकडा आहे, म्हणून फुकट. (आपल्याकडच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीची आठवण काढणाऱ्याला मी तिथल्या तिथे गप्प केलं.) बॅलफोरहून कॅसलो, आणि कॅसलोपासून न्यू डेन्व्हरपर्यंत ३१ए. जेमतेम सत्तेचाळीस किलोमीटर. त्या भागातले बाइकवाले या रस्त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. भाचा तो सकाळी एकदा आणि दुपारी उलट दिशेने पुन्हा असा करतो.

याच रस्त्यावरून आत सँडन आहे. चांदीच्या खाणींवर वाढलेलं आणि खाणी आटल्यावर ओस पडलेलं गाव. १९४२ मध्ये किनाऱ्यावरून हाकललेल्या जपानी वंशाच्या कॅनेडियन कुटुंबांना सरकारने इथे आणि न्यू डेन्व्हरला आणून ठेवलं होतं. त्यातली बरीच माणसं कॅनडातच जन्मलेली होती. न्यू डेन्व्हरला त्याचं स्मारक-संग्रहालय आहे. त्यासाठी आम्ही अर्धा दिवस राखून ठेवला आहे. फोटोवाल्या तटाला तो वाया गेलेला वेळ वाटतो. मला वाटत नाही.

तिथून नकस्प, मग आणखी एक फुकट फेरी, रेव्हेलस्टोक, रॉजर्स पास, गोल्डन, लेक लुईस, आणि मग आइसफील्ड्स पार्कवेवरून जॅस्पर. शेवटी बॅन्फमार्गे कॅलगरी. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या आत. ‘एवढंसंच?’ हा प्रश्न आलाच. आपल्याकडे टूरची किंमत किलोमीटरवर ठरते, हा आपल्या बाइकमंडळींचा जुना रोग आहे.

किलोमीटर कमी ठेवायचं खरं कारण मात्र धूर. पश्चिम कॅनडात जुलैच्या मध्यापासून वणव्यांचा जोर वाढतो. लिटन गावात २९ जून २०२१ ला तापमान ४९.६ अंशांवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी गाव जळून गेलं. जुलै २०२४ मध्ये वणवा जॅस्पर शहरात शिरला आणि सुमारे एक तृतीयांश इमारती गेल्या. त्याआधी शहर आणि राष्ट्रीय उद्यान मिळून पंचवीसेक हजार माणसांना बाहेर काढलं होतं. असं झालं की रस्ता तासाभरात बंद होतो, आणि डोंगराळ मुलखात पर्यायी रस्ता म्हणजे दोन-तीनशे किलोमीटरचा वळसा. ज्याच्या वेळापत्रकात मोकळे दिवस नाहीत, त्याची सहल तिथेच संपते. ब्रिटिश कोलंबियात ‘ड्राइव्ह बीसी’ आणि अल्बर्टात ‘५११’ या सरकारी सेवांवर रस्त्यांची ताजी स्थिती कळते. रोज सकाळी निघण्याआधी ती बघायची, हे आम्ही एकावर सोपवलं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून तो आधी. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना एका वर्षासाठी मिळतो. त्यावर दुचाकीचा प्रवर्ग नोंदला आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी तपासा. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत मोठ्या इंजिनाच्या बाइकवरचा अपघात वगळलेला असतो. ती बारीक अक्षरं वाचाच. हेल्मेट दोन्ही प्रांतांत सक्तीचं आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना ब्रिटिश कोलंबियाने १९९९ मध्ये आणि अल्बर्टाने २०१८ मध्ये सूट दिली. आपल्याला फेट्यावर ती मिळणार नाही, हे एका उत्साही मित्राला समजावून झालं आहे.

वाहनं तिथे उजवीकडून चालतात. महामार्गावर त्याची सवय लवकर होते. धोका असतो पेट्रोल भरून बाहेर पडताना. रिकामा रस्ता दिसतो आणि हात सवयीने डावी बाजू धरतो. दुसरा धोका हरणांचा. जूनअखेर जॅस्परला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अजून खूप दिवस आहे असं वाटून माणूस चालवत राहतो, आणि नेमकी तीच वेळ हरणं, एल्क आणि अस्वलं रस्त्याकडे येण्याची. आम्ही संध्याकाळी सातनंतर चालवणार नाही. अस्वलापासून शंभर मीटर दूर राहा, असा उद्यानांचा नियम आहे. बाइकवर बसून सेल्फी काढणाऱ्यालाही तो लागू आहे.

जून-जुलै म्हटल्यावर घरचे प्रश्न येतातच. इथे ताम्हिणीत पाऊस सुरू झालेला असतो आणि आमच्यातल्या एकाच्या घरी वारी चुकत नाही. त्याची अट अशी, की पालखी पुण्यात यायच्या दिवशी तो पुण्यात हवा. म्हणून परतीची तारीख पंचांग बघून ठरेल, आणि उरलेला गट त्यानुसार दोन दिवस मागे-पुढे होईल.

निकाल अजून लागलेला नाही. माझं मत कूटनीला, १५ जून ते जुलैचा पहिला आठवडा या काळाला, आणि चार दिवसांत एक दिवस मोकळा ठेवण्याला आहे. तुम्हीही जाणार असाल तर हॉटेल आणि कॅम्पिंगच्या जागा हिवाळ्यातच बुक करा. बॅन्फ-जॅस्परच्या जागा सगळ्यांत आधी संपतात.