हाताचे शिक्षण कोणाच्या मुलांसाठी?

म्हैसूर येथे १९६३ साली प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. बहुउद्देशीय माध्यमिक शाळांना तंत्र, शेती व हस्तकला शिकविणारे शिक्षक पुरविणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. मुदलियार आयोगाच्या शिफारशीतून निघालेल्या या शाळा मात्र रुजल्या नाहीत. प्रतिष्ठेचा मार्ग पुस्तकी परीक्षेतूनच जात राहिल्यावर पालकांनी हस्तकलेकडे पाठ फिरविली, यात नवल ते काय?

आता २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे धाडू पाहते. म्हैसूरचे शिसवी लाकडावरील जडावकाम हाती यावयास वर्षे लागतात. दहा दिवसांत त्याचे केवळ दर्शन घडते. उलट, कारखान्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याचे १८ वे कलम 'कामगार' मानीतच नाही. त्याला वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते.

म्हणजे संपन्नांच्या मुलांना श्रमाची सहल आणि श्रमिकांच्या मुलांना हक्कांविना श्रम! म्हणून आपली मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे: प्रत्येक शाळेत कायम नेमणुकीचा कारागीर-शिक्षक, सर्व मुलांना समान हस्तशिक्षण, उच्च शिक्षणाचे दार सर्वांना खुले आणि शिकाऊ उमेदवाराला कामगाराचे हक्क. यापेक्षा कमी ते शिक्षण नव्हे, स्वस्त मजुरांची भरती होय.