‘नॅनो’ शब्दाला भुलू नका

टीव्हीच्या दुकानात ‘क्वांटम डॉट’ ही पाटी तुम्ही वाचली असेल. हे अर्धवाहक पदार्थाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक. इतक्या लहान जागेत इलेक्ट्रॉन कोंडला जातो; कण जितका लहान, तितकी बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळा दिसतो, ६ नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, रंग आकारावर! या कामाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रयोगशाळेत हे कण कॅन्सरच्या पेशी उजळून दाखवतात. पण काचपट्टीवरची पेशी वेगळी आणि माणूस वेगळा. आवरणासह साधारण साडेपाच नॅनोमीटरहून मोठे कण मूत्रपिंडातून सहज गाळले जात नाहीत. ते यकृतात, प्लीहेत साठतात. आवरण झिजले तर विषारी कॅडमियम सुटते.

परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचारांसाठी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मला हेच सांगायचे आहे. ‘क्वांटम’, ‘नॅनो’ म्हणत कुणी खात्रीचा इलाज विकायला आले, तर पैसे काढू नका. सगळेच नॅनो खोटे नाही. नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे नॅनोकणांचे औषध चाचण्यांतून मान्य झालेले आहे. म्हणून विचारा: औषधाचे नाव काय? मान्यता आहे का? प्रयोग असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक कोणता?

उत्तर टाळले गेले, तर सरळ उठा आणि तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना भेटा. कॅन्सरमध्ये पैशांपेक्षा वाया गेलेला वेळ महाग पडतो.