वेटरला वाईन शिकवायची कुणी?

मंडळी, जरा लांब लिहितोय, पण वाचा.

आपल्या राणीसावरगावचं एक लेकरू (नाव लिहीत नाही) दिवाळीनंतर नाशिकला एका हॉटेलात वेटर म्हणून लागलं. परवा सुट्टीवर आलं, तर पारावर एकानं चारचौघांत विचारलं, "काय रे, बारावी शिकून दारू पाजायला गेलास का?" पोरगं मान खाली घालून उठून गेलं. मी तिथंच होतो, गप्प बसलो. त्याचीच लाज वाटून हे लिहितोय.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्यानं एक वही दाखवली. पांढऱ्या वाईनला रस सालीपासून आधीच वेगळा करतात. लाल वाईनमध्ये काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात, रंग सालीचा. ज्यानं मागवली त्याला आधी घोटभर ओतायची, त्यानं मान हलवली की बाकीच्यांना. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं थंड वाईन तापते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बाटली बिघडलेली.

हे त्याला हॉटेलनं शिकवलेलं नाही. हॉटेलनं पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या : महाग बाटली पुढं कर, आणि फुटली तर पगारातून कापू. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईकानं विचारलं, "ड्राय आहे का?" हा म्हणाला, "हो साहेब, पुसूनच आणलीय." सगळं टेबल हसलं. ड्राय म्हणजे आंबताना साखर संपून गोडवा न उरलेली, हे त्यानं रात्री मोबाईलवर शोधलं.

घर माळकरी. तो घोट घेत नाही, नुसता वास घेतो. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या वाईनला कापलेल्या गवताचा, ढोबळ्या मिरचीचा वास येतो म्हणे. शेतातल्या पोराला हा वास ओळखायला वेगळा क्लास लागत नाही!

आता सरकारचं बघा. 2001 साली वाईन उद्योगासाठी धोरण आणलं, सवलती दिल्या. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं, तेव्हा ती दारू आहे की नाही यावर केवढी भांडणं झाली. शेतकऱ्याचं नाव निघालं, संस्कृतीचं निघालं. ती ओतणाऱ्या पोराचं नाव कुणाच्या भाषणात ऐकलं का तुम्ही? मी तर नाही ऐकलं.

दारूची बाजू घेत नाही मी. तिनं बसवलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण पारावरून अंधार पडल्यावर कोण कुठं जातं, हेही गावाला माहीत आहे. मेडिकलमधलं द्राक्षासवसुद्धा द्राक्षं आंबवूनच होतं, ते घेताना कुणाची मान खाली जात नाही. मग मान खाली घालायची ती याच पोरानं का?

अन् हॉटेलमालकांनो, शिकवा की! पगारी वेळेत शिकवा, फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापू नका. ज्याला माल कळतो तो गिऱ्हाईकाला "साहेब, आता बास" म्हणू शकतो. ज्याला कळत नाही तो नुसती महाग बाटली पुढं करतो. तुम्हाला तोच हवाय, असं आम्ही समजायचं का?

सोमवारी सकाळच्या गाडीनं तो गंगाखेडला अन् तिथून पुढं नाशिकला जातोय. मी स्टँडवर असेन. परवा ज्यानं प्रश्न विचारला, त्यानंही यावं.